खेळाडूंचा बाजार आणि क्लबांची वही

वसतिगृहातील आमच्या खोलीत चौघे राहतात आणि चौघांत मिळून एकच धड मोबाईल आहे. शनिवारी रात्री तो पाण्याच्या तांब्याला टेकवून उभा केला जातो व आम्ही इंग्लंडातील फुटबॉलचे सामने पाहतो. वास्तविक मी कबड्डीचा माणूस. अहमदपूर तालुक्यातील आमच्या गावात फुटबॉल कोणी खेळत नाही. काळ्या रानात पावसाळाभर चेंडू चिखलातच रुतून बसेल. पण नांदेडला आल्यापासून हे वेड लागले खरे.

अशाच एका रात्री मी सहज विचारले, "ह्यांच्याजवळ एवढा पैसा हाय, तर पाहिजे तो गडी कामून घेईनात?" वाणिज्य शाखेतील माझा मित्र म्हणाला, "आसं घेता येत नसतंय. नियम हाय. वही बघून घ्यावा लागतोय."

वही हा शब्द माझ्या जिव्हारी लागला. गावच्या तरुण मंडळाच्या कबड्डी संघाची जमाखर्चाची वही गेली दोन वर्षे माझ्याच हाती आहे. संघात कॉलेजला जाणारा मी एकटा, म्हणून हे काम माझ्याकडे आले. त्या वहीचे गेल्या वर्षी काय झाले ते पुढे येईलच. मित्राच्या एका वाक्यामुळे मी हा विषय महिनाभर वाचला आणि जे समजले ते वाचकांपुढे ठेवण्याचा हा प्रयत्न आहे. अर्थशास्त्र हा माझा एक विषय आहे इतकेच. मी काही जाणकार नव्हे.

प्रथम एक गैरसमज दूर करतो. 'अमुक खेळाडू इतक्या कोटींना विकला' असे आपण वाचतो. आईला हे सांगितले तेव्हा ती म्हणाली, "म्हंजे हाळीचा बाजारच की!" हाळी-हंडरगुळीच्या बाजारात बैल विकतात, तशी माणसे विकतात असे तिला वाटले. तसे नाही. खेळाडूचा क्लबाशी ठरावीक वर्षांचा करार असतो. तो संपण्याआधी दुसऱ्या क्लबाला खेळाडू हवा असेल, तर करार मोडण्याची भरपाई पहिल्या क्लबाला द्यावी लागते. तीच ही किंमत. करार संपला की खेळाडू मोकळा. १९९५ साली बोस्मन नावाच्या बेल्जियमच्या खेळाडूने युरोपच्या न्यायालयात हा हक्क मिळवला. तरीही आईचे म्हणणे मला सर्वस्वी खोटे वाटत नाही. किंमत ठरताना वय, पाय आणि दम हेच पाहतात.

आता क्लबाकडे पैसा येतो कोठून? मैदानावरची तिकिटे, दूरचित्रवाणीचे हक्क आणि जाहिराती-सदऱ्यांची विक्री, या तीन वाटांनी. इंग्लंडच्या प्रीमियर लीगमध्ये दूरचित्रवाणीची वाट इतकी रुंद आहे की शेवटच्या क्रमांकाच्या क्लबालाही एका हंगामात १० कोटी पौंडांहून अधिक मिळतात. (एक पौंड म्हणजे शंभर रुपयांहून थोडे अधिक.) स्पेनच्या रेआल माद्रिदचे उत्पन्न २०२३-२४ च्या हंगामात १०० कोटी युरोंच्या वर गेले. फुटबॉल क्लबाने एका वर्षात एवढे मिळवण्याची ती पहिलीच वेळ.

मिळकत एवढी, तरी खर्च त्याहून अधिक. कारण साधे आहे. शेजारच्या क्लबाने मोठा खेळाडू आणला की यालाही आणावासा वाटतो. आपल्याकडे भावकीत एकाने बोअर पाडला की दुसरा कर्ज काढून त्याहून खोल पाडतो, तसेच हे. म्हणून युरोपच्या फुटबॉल संघटनेने, म्हणजे यूएफाने, मिशेल प्लातिनी अध्यक्ष असताना २००९ साली नियम मंजूर केला की क्लबाने आपल्या कमाईच्या मर्यादेत राहावे. पुढे तो बदलत गेला. आता खेळाडूंचे पगार, खरेदीचा खर्च आणि दलालांची दलाली मिळून उत्पन्नाच्या ठरावीक टक्क्यांच्या आत असावी लागते. २०२३-२४ ला ही मर्यादा ९० टक्के होती, पुढील वर्षी ८० आणि २०२५-२६ पासून ७०. प्रीमियर लीगचा नियम वेगळा होता. तिथे तीन वर्षांत मिळून १० कोटी ५० लाख पौंडांपर्यंत तोटा चालत असे. २०२६-२७ पासून मात्र तिथेही उत्पन्नाच्या ८५ टक्के असा हिशेब ठरला आहे.

हे नियम कागदावरचे नाहीत. एव्हर्टन या जुन्या क्लबाचा तोटा मर्यादेपलीकडे गेला म्हणून नोव्हेंबर २०२३ मध्ये त्याचे १० गुण कापले गेले. अपिलात ते ६ झाले. मैदानावर घाम गाळून मिळवलेले गुण हिशेबनीसाच्या टेबलावर जातात, याचे मला फार आश्चर्य वाटले.

आता घसाऱ्याची गोष्ट. या भागाने माझे डोके पुष्कळ दिवस खाल्ले, परंतु खरी गंमत इथेच आहे. समजा एखाद्या शेतकऱ्याने पाच लाखांची मोटार आणि पाईपलाईन केली. ती पाच वर्षे चालणार असेल तर हिशेबात दरवर्षी एक लाख खर्च धरतात. खेळाडूचेही तसेच. चेल्सी क्लबाने २०२३ च्या सुरुवातीला अर्जेंटिनाचा एन्झो फर्नांडेझ १० कोटी ६८ लाख पौंडांना घेतला आणि त्याच्याशी साडेआठ वर्षांचा करार केला. एवढा लांब का? भागाकार करून पाहा. साडेआठ वर्षांत वाटले तर वर्षाला सुमारे सव्वा कोटी पौंड खर्च दिसतो; पाच वर्षांत वाटले तर दोन कोटी तेरा लाखांच्या वर. करार लांबवला की वहीतला बोजा हलका दिसतो आणि आणखी एक खेळाडू घ्यायला जागा होते. मित्राने हे वहीच्या मागच्या पानावर करून दाखवले तेव्हा मी म्हणालो, "ही तर पळवाट झाली." पळवाटच होती. २०२३ च्या जुलैपासून यूएफाने आणि त्याच डिसेंबरात प्रीमियर लीगने ठरवले की करार कितीही वर्षांचा असो, किंमत पाच वर्षांतच वाटायची. जुन्या करारांना मात्र हात लावला नाही.

दुसरी गोष्ट खेळाडू विकण्याची. बाहेरून आणलेला खेळाडू विकला तर त्याची उरलेली किंमत वजा करून नफा मोजतात. क्लबाने लहानपणापासून स्वतःच वाढवलेला मुलगा विकला तर वजा करायला काही नसते; आली ती सारी रक्कम नफा. मेसन माउंट हा मुलगा सहा वर्षांचा असताना चेल्सीत आला, तिथेच मोठा झाला, क्लबासाठी युरोपचा चषक जिंकला. २०२३ च्या जुलैत तो साडेपाच कोटी पौंडांना मँचेस्टर युनायटेडला गेला. त्याच्या जाण्यामागे कराराची बोलणी फिसकटणे वगैरे कारणेही होती. पण हिशेबाच्या दृष्टीने घरच्या मुलाला विकणे हेच सर्वांत फायद्याचे, ही गोष्ट खरीच. तोटा रोखण्यासाठी केलेल्या नियमाने घरचे पोर आधी बाजारात उभे करावे, हे मला पटत नाही. नियम करणाऱ्यांच्या मनात ते नसेलही.

तिसरी गोष्ट आपल्याकडच्या कोणत्याही शेतकऱ्याला चटकन कळेल. नॉटिंगहॅम फॉरेस्ट क्लबाचे हिशेबाचे वर्ष ३० जूनला संपत होते. त्यांच्याकडे ब्रेनन जॉन्सन नावाचा घरचाच खेळाडू होता. तो जूनअखेर विकला असता तर वहीचा मेळ बसला असता. पण भाव वाढेल म्हणून क्लब थांबला. भाव वाढलाही, १ सप्टेंबरला टॉटनहॅमने ४ कोटी ७५ लाख पौंड मोजले. परंतु तारीख उलटून गेली होती. मार्च २०२४ मध्ये फॉरेस्टचे ४ गुण कापले गेले. आमच्याकडे सोयाबीन घरात ठेवून भावाची वाट पाहतात आणि तोवर पीककर्ज भरण्याची ३१ मार्च येऊन ठेपते, त्यातलाच हा प्रकार. भाव वाढेपर्यंत थांबणे शहाणपणाचे. तारीख मात्र कोणासाठी थांबत नाही.

आणि मेस्सी. बार्सिलोनाने त्याला लहानाचा मोठा केला. ऑगस्ट २०२१ मध्ये तो क्लब सोडून गेला तेव्हा भरल्या सभेत रडला. त्याचा करार संपला होता, म्हणजे किंमत शून्य. निम्म्या पगारावर राहायची तयारी असल्याचेही त्याने सांगितले होते. तरी त्याला ठेवता आले नाही, कारण स्पेनच्या लीगमध्ये प्रत्येक क्लबाला उत्पन्न व कर्ज पाहून पगाराची मर्यादा आखून दिलेली असते आणि बार्सिलोनाने ती आधीच ओलांडलेली होती. त्याच क्लबाने चार वर्षांपूर्वी नेमार पॅरिसला देऊन २२ कोटी २० लाख युरो मिळवले होते. तो पैसा आला तसा नव्या खेळाडूंवर गेला.

एवढे वाचल्यावर साहजिकच मनात आले की आपल्याकडे काय चालते? फुटबॉल म्हटले की आपण कलकत्त्याचे नाव घेतो. पण महाराष्ट्रात आणि गोव्यात देशातले नावाजलेले क्लब होते. 'होते' असे लिहावे लागते, दुखणे तिथेच आहे.

मुंबईचा महिंद्र युनायटेड २००५-०६ साली राष्ट्रीय लीगचा विजेता ठरला आणि २०१० साली कंपनीने तो बंद केला. पुण्यात दहा-बारा वर्षांत चार क्लब उभे राहिले. पिरामल समूहाचा पुणे एफसी २००७ साली निघाला, २०१२-१३ ला आय-लीगमध्ये दुसरा आला आणि २०१५ च्या हंगामानंतर थांबला. कल्याणी समूहाचा भारत एफसी एकच हंगाम खेळला. डीएसके शिवाजियन्स २०१७ नंतर दिसला नाही. इंडियन सुपर लीगमधील पुणे सिटी २०१४ ते २०१९ चालला. मालक समूह आर्थिक अडचणीत आला आणि त्याची जागा हैदराबादच्या नव्या क्लबाला मिळाली. तो हैदराबाद क्लब २०२१-२२ ला विजेता झाला. पुढे खेळाडूंची देणी थकली म्हणून फिफाने त्याच्यावर नवे खेळाडू नोंदवण्याची बंदी घातली.

गोव्यात साळगावकर आणि धेंपो हे क्लब खाणमालकांच्या घराण्यांनी चालवले. धेंपोने राष्ट्रीय लीग आणि आय-लीग मिळून पाच वेळा विजेतेपद मिळवले. लोहखनिज बोटीत भरून परदेशी जात होते तोवर क्लबाला कधी विचारावे लागले नाही की पैसा कोठून आणायचा. २०१२ साली खाणी बंद झाल्या. पुढे २०१६ मध्ये साळगावकर, धेंपो आणि स्पोर्टिंग क्लब द गोवा हे तिन्ही आय-लीगमधून बाहेर पडले. त्यांनी दिलेले कारण वेगळे होते. महासंघाने आय-लीगला दुय्यम दर्जा देण्याचा घाट घातला होता आणि त्यांचा त्याला विरोध होता. पण खाणी जोरात असत्या तर ते इतक्या लवकर हटले असते का, असा प्रश्न मला पडतो.

आपल्या मराठवाड्याचाही यात एक धागा आहे. २०१४ साली एफसी गोवा स्थापन झाला तेव्हा दत्तराज साळगावकर व श्रीनिवास धेंपो यांच्याबरोबर तिसरे भागीदार होते व्हिडिओकॉनचे वेणुगोपाल धूत. औरंगाबादजवळच्या ज्या कारखान्यात आपल्या भागातील कित्येकांनी नोकरी केली, त्याच समूहाचा पैसा गोव्याच्या मैदानावर गेला होता. २०१८ मध्ये तो समूह दिवाळखोरीच्या कायद्याखाली आला. भागीदार बदलले, पण क्लब तगला.

आता नियम पाहू. सुपर लीगमध्ये काही हंगाम प्रत्येक क्लबाला पगारासाठी साडेसोळा कोटी रुपयांची मर्यादा होती. वरवर पाहता हा युरोपसारखाच नियम. पण भेद मोठा आहे. युरोपात मर्यादा कमाईवरून निघते. ज्याची कमाई मोठी त्याचा खर्च मोठा, म्हणून मोठे मोठेच राहतात ही तिथली तक्रार. आपल्याकडे सर्वांना एकच आकडा. त्याने स्पर्धा बरोबरीची होते. परंतु ते साडेसोळा कोटी क्लबाने मिळवले की मालकाने खिशातून घातले, हे तो नियम विचारत नाही. तिकिटे स्वस्त, प्रेक्षक थोडे, दूरचित्रवाणीचा वाटा किरकोळ. म्हणजे मालक हीच मिळकत.

२०१० साली महासंघाने आपले सर्व व्यापारी हक्क पंधरा वर्षांसाठी ७०० कोटी रुपयांना दिले होते. तो करार २०२५ च्या डिसेंबरात संपणार होता आणि पुढचे काहीच ठरले नव्हते, म्हणून त्या वर्षीचा हंगाम वेळेवर सुरूच झाला नाही. नवी निविदा काढली तर नोव्हेंबरात एकही बोली आली नाही. मँचेस्टर सिटीच्या मालक समूहाने २०१९ मध्ये मुंबई सिटीचा ६५ टक्के हिस्सा घेतला होता; डिसेंबर २०२५ मध्ये तोही बाहेर पडला. ज्या समूहाला जगभर क्लब चालवण्याचा अनुभव, त्याचीही वही मुंबईत जुळली नाही.

याला उलट उदाहरण कोल्हापूरचे. पाटाकडील, शिवाजी, खंडोबा, दिलबहार या तिथल्या पेठांच्या आणि तालमींच्या संघांना कंपनी नाही. शाहू स्टेडियममध्ये पेठेची माणसे तिकीट काढून बसतात. परदेशी खेळाडूही येतात, पण पैसा पेठेतल्या लोकांचा आणि देणगीदारांचा. त्यांच्या हिशेबाचे मला ठाऊक नाही, मात्र पुण्याचे चार क्लब गेले आणि तालमी अजून खेळत आहेत.

कबड्डीवाल्याने कबड्डीचे एक तरी उदाहरण द्यावे, नाही तर गावची मुले रागावतील. प्रो कबड्डीत २०१४ साली सर्वांत महाग खेळाडू राकेश कुमार होता, १२ लाख ८० हजारांना. २०२३ च्या लिलावात प्रत्येक संघाच्या थैलीत ५ कोटी होते. त्यातले २ कोटी ६० लाख ५० हजार तेलुगू टायटन्सने एकट्या पवन सेहरावतवर घातले. निम्म्याहून अधिक थैली एका चढाईपटूवर! तो संघ २२ सामन्यांपैकी दोनच जिंकला आणि तळाला राहिला. पुणेरी पलटणनेही त्याच लिलावात इराणच्या शादलूसाठी २ कोटी ३५ लाख मोजले, पण त्यांच्याजवळ अस्लम इनामदारसारखी आपणच वाढवलेली तरुण मुले होती. त्या वर्षीचे विजेतेपद पुण्याला मिळाले.

आता आमची वही. गेल्या वर्षी शेजारच्या तालुक्यात २१ हजारांच्या पहिल्या बक्षिसाची स्पर्धा होती. गावातून वर्गणी जमली ७,४०० रुपये. परिसरातील एका पुढाऱ्याने ११ हजार देण्याचा शब्द दिला. त्या शब्दावर आम्ही परभणी आणि बीडकडचे दोन खेळाडू प्रत्येकी ६ हजारांना ठरवले. कपडे ४,९००, जीप २,२००, प्रवेश फी १,०००, जेवण १,८००. एकूण खर्च २१,९००. म्हणजे पहिले बक्षीस आले असते तरी ते खर्चाला पुरले नसते, हे लिहिणाऱ्याच्या लक्षात यायला हवे होते. पुढाऱ्याकडून आले ५ हजार. आम्ही उपांत्य सामन्यात हरलो. ३ हजार उत्तेजनार्थ मिळाले. तूट ६,५००.

बाहेरचे दोघे खेळले म्हणून घरचे दोघे बाहेर बसले. त्यातला एक माझा चुलतभाऊ. तो दिवसा हमाली करून संध्याकाळी सरावाला येतो. त्या सामन्यात त्याने सगळ्यांच्या चपला सांभाळल्या. आमच्याकडे कोणताच नियम नव्हता, तरी घरचे पोरच बाहेर बसले.

तुटीतले ३,५०० कपड्याच्या दुकानदाराचे अजून देणे आहे. उरलेले ३ हजार मी भरले. ते माझ्या मेसचे पैसे होते. वही माझ्या हाती, तेव्हा जीपवाल्याने आणि बाहेरच्या दोघांनी माझ्याकडेच पाहिले. दोन महिने मी एका वेळच्या डब्यावर काढले. घरी सांगितलेले नाही. वडील अहमदपूरच्या आडतीवर पोती उचलतात. त्यांना वाचता येत नाही, पण हा अंक घरी गेला की धाकटी बहीण मोठ्याने वाचून दाखवील, तेव्हा आजच सांगून टाकतो.

दिवाळीच्या सुट्टीत मंडळाची बैठक झाली. मी वहीच्या पहिल्या पानावर लिहून नेले होते की हातात आलेल्या वर्गणीच्या निम्म्याहून अधिक रक्कम बाहेरच्या खेळाडूवर घालायची नाही आणि शब्द दिलेला पैसा जमेत धरायचा नाही. मुले म्हणाली, "आसं केलं तर आपुन जिंकायचं कधी?" याला माझ्याजवळ उत्तर नव्हते. चुलतभाऊ मात्र म्हणाला, "लिव्हून ठेव. म्या डाव्या कोपऱ्यात उभा राहतो." सात जणांनी सह्या केल्या. चौघांनी केल्या नाहीत. त्यांचे म्हणणे, पुढारी या वर्षी नक्की देणार आहेत.